काटा अडतो तेव्हा: सँडोची फीत आणि औंधचे नमस्कार

उतरत आलेले वजन मध्येच अडते, ते शरीराच्या हिशेबाला धरूनच. पहिल्या एकदोन आठवड्यांत काटा भराभर खाली येतो, कारण यकृतात आणि स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन खर्ची पडते आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जाते. चरबी उतरते ती मात्र सावकाश. त्यात हलक्या झालेल्या शरीराला इंधनही कमी लागते. ज्या जेवणावर वजन घटत होते, त्याच जेवणावर ते आता जागचे हलत नाही. मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हाही वजन आधी झपाट्याने आणि शेवटी अगदी हळू उतरले. माणूस व्यायाम सोडतो तो बहुधा याच टप्प्यावर. कष्ट तेवढेच, पण दाखवायला काही नाही.

या दृष्टीने औंध संस्थानातला व्यायामाचा पालट पाहण्याजोगा आहे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी १८९७ मध्ये शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोची पुस्तके आणि साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. सँडोचे डंबेल गमतीचे होते: उभे दुभागलेले, मध्ये स्प्रिंगा बसवलेल्या. मूठ आवळून दोन्ही अर्धे जवळ आणायचे आणि व्यायाम संपेपर्यंत ते तसेच दाबून धरायचे. या पद्धतीचा जीव होता मोजपट्टीत. छाती, दंड, मांडी, पोटरी फितीने मोजायची आणि वाढ नोंदवायची. फीत पुढे सरकत असते तोवर उत्साह टिकतो. पण ती कधीतरी थांबतेच.

१९०८ मध्ये मिरजेच्या थोरल्या पातीच्या संस्थानिकांच्या प्रोत्साहनाने बाळासाहेबांनी सूर्यनमस्कार धरले. पुढच्याच वर्षी ते औंधच्या गादीवर आले आणि पुढे तिथल्या शाळांत नमस्कार सुरू झाले. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थ रामदास रोज १२०० नमस्कार घालत, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. औंधची कामगिरी वेगळी. देवघरातला नमस्कार तिथे शाळेच्या वेळापत्रकात आला. हात एकदा जमिनीला टेकले की पुन्हा उभे राहीपर्यंत जागचे हलवायचे नाहीत, असा काटेकोर नियम. ह्रां, ह्रीं, ह्रूं ही बीजाक्षरे आणि मित्र, रवी, सूर्य अशी सूर्याची बारा नावे म्हणत नमस्कार घालायचे, म्हणजे मोजणी आपोआप जिभेवर राहते. इथे मोजली जाते ती कृती. दंड किती भरला किंवा पोट किती उतरले याचा त्या आकड्याशी संबंध नसतो, म्हणून शरीर अडले तरी आकडा अडत नाही. बाळासाहेबांनी हा नेम वजनासाठी आखला नव्हता. आरोग्य आणि सूर्योपासना हा त्यांचा हेतू. तरी अडलेल्या काट्यापुढे टिकणारी शिस्त हवी असेल, तर सँडोच्या फितीपेक्षा ही मोजणी सरस ठरते.

त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२८ मध्ये निघाले. लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादिलेली आवृत्ती १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास बेंगळुरूतही नमस्कारांनी मूळ धरले होते. तिथले नामांकित व्यायामाचार्य के. व्ही. अय्यर यांनी १९३० मध्ये शरीरसौष्ठवावर ‘मसल कल्ट’ लिहिले आणि १९३७ मध्ये सूर्यनमस्कारांवर स्वतंत्र पुस्तक काढले. डंबेल आणि नमस्कार यांत त्यांना विरोध दिसला नाही.

डंबेल आणि नमस्कार यांची ही जोडी बेंगळुरूत आजही दिसते. तिथले इंदिरानगर वसले ते १९७० च्या दशकात, औंध संस्थान विलीन होऊन पाव शतक लोटल्यावर. आज तिथल्या हंड्रेड फीट रोडच्या परिसरात जिमची रेलचेल आहे. वजन, चरबीचे प्रमाण आणि स्नायूंचा भार छापून देणारी जिममधली यंत्रे ही सँडोच्या फितीचीच पुढली पिढी. आणि माघातल्या रथसप्तमीला याच शहरात, महाराष्ट्रातल्याप्रमाणेच, १०८ सूर्यनमस्कार घातले जातात.