पोटातील रक्तवाटांचा शोध

सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून नहर आणली. तिचा मार्ग वरून कळत असे तो जागोजागच्या मनोऱ्यांवरून. मनुष्याच्या पोटातील रक्ताच्या वाटांना अशा खुणा नाहीत. वैद्याच्या बोटांस फार तर महारोहिणीचे ठोके लागत. याच शहरात १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लोकांच्या तोंडची ‘घाटी’, निघाले, तेव्हाही विद्यार्थ्यास ह्या वाहिन्यांची ओळख मुख्यतः शवविच्छेदनाच्या टेबलावरच होत असे.

पुढे दोनच वर्षांनी, १९५८ साली, ग्लासगोच्या इयन डोनाल्ड ह्यांनी धातूतील भेगा शोधणाऱ्या यंत्राच्या धर्तीवर पोटातील गाठींची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली. तथापि त्यांत केवळ कडा दिसत. करड्या छटांची चित्रे १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली, तेव्हा रक्तवाहिन्या स्पष्ट दिसू लागल्या. रक्ताचा प्रतिध्वनी अत्यल्प, म्हणून त्या काळ्या दिसतात.

परंतु काळे तर पुष्कळच असते! मग ओळखावे कसे? कण्यासमोर किंचित डावीकडे असते ती महारोहिणी. ती गोल असून सहजी दबत नाही. उजवीकडची महानीला मात्र नाकाने जोराने श्वास ओढताच आकसते. यकृतात जाड, चकचकीत भिंतींची ती प्रतिहारी नीला. यकृतनीलांच्या भिंती जवळजवळ दिसतच नाहीत. स्वादुपिंडामागून प्लीहेची नीला आडवी जाते आणि तिच्यामागे आतड्याची रोहिणी चरबीच्या पांढऱ्या कड्यात बसलेली असते.

१९८० नंतरच्या दशकात चित्रात रंग आला. त्याचे मूळ १८४२ सालच्या डॉप्लरच्या सिद्धांतात. तो मांडला गेला ताऱ्यांच्या प्रकाशासाठी. आगगाडीच्या शिट्टीचा पालटणारा सूर हा त्याचाच घरगुती दाखला. ह्या रंगांनी एक नवा घोटाळा मात्र उभा केला. सामान्यतः यंत्राच्या टोकाकडे येणारे रक्त तांबडे आणि दूर जाणारे निळे दाखवितात. म्हणून नीला निळीच दिसेल असे नाही आणि रोहिणी तांबडीच असेल असेही नाही. नाव ठरते ते जागेवरून व स्पंदनावरून.

महारोहिणी तीन सेंटिमीटर किंवा अधिक रुंद भरली, तर तो फुगवटा समजतात. तो फुटल्यास रोगी क्वचितच वाचतो. दुसरा धोका स्वादुपिंडाच्या सुजेनंतरचा. तेथील काळी गोल पोकळी पाण्याची थैली भासते, पण कधी ती जखमी रोहिणीचा फुगा असते. पाणी समजून सुई घातली तर रक्ताचा लोट सुटतो. यास्तव सुई हाती घेण्यापूर्वी त्या काळ्या वर्तुळात रंग फिरतो की नाही, हे पाहण्याची रीत पडली.