परकीय कामगारांचे कायदेशीर संरक्षण : पश्चिम जर्मनी व कुवेत

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनी व कुवेत या दोन्ही देशांच्या आर्थिक उभारणीत परकीय श्रमिकांचा मोठा वाटा होता. दोन्ही देशांनी त्यांचे वास्तव्य तात्पुरतेच मानले. मात्र त्यांना लाभलेले कायदेशीर संरक्षण सारखे नव्हते.

पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला व १९७३ मध्ये भरती थांबविली. तथापि, नाझी राजवटीच्या अनुभवातून साकारलेल्या १९४९ च्या मूलभूत कायद्याने शासनाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क परकीयांसह प्रत्येक व्यक्तीस दिला होता. त्याच आधारे १९७८ मध्ये संघीय घटना न्यायालयाने एका भारतीयाच्या बाजूने निर्णय दिला. परवान्याचे वारंवार नूतनीकरण झाल्याने निर्माण झालेला विश्वास शासनास डावलता येणार नाही, असे त्यात मानले गेले.

कुवेतमध्ये नागरिकच अल्पसंख्य होते. तेथे निवासाचा परवाना ‘कफील’ म्हणजे जामीनदार मालकाशी जोडला गेला. १९८१ च्या प्रशासकीय दाव्यांविषयीच्या कायद्याने परकीयांचा निवास व हद्दपारी हे विषय न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले. २०१० च्या खाजगी क्षेत्रातील श्रम कायद्यातून घरकामगारांना वगळण्यात आले. त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा २०१५ मध्ये झाला.

सारांश, श्रमाची गरज दोन्हीकडे समान होती. परकीयास शासनाविरुद्ध न्यायालयात उभे राहता येते किंवा नाही, यावरच त्याच्या संरक्षणाची व्याप्ती ठरली.