सुरखीपासून झिरपत्या फरसबंदीपर्यंत

२०१९च्या महापुरात शिरोळ तालुक्यात घरे पडली. अशा वेळी वीट-दगडांच्या राडारोड्याचे करायचे काय? जुन्या गवंड्याला हा प्रश्न पडला नसता. तुटक्या विटा कुटून सुरखी करायची आणि चुन्यात मिसळायची, ही त्याची रोजचीच रीत.

इंग्लंडमध्ये १८५२ साली वाळू न घालता केलेल्या काँक्रीटची घरे उभी राहिली. खडीच्या प्रत्येक तुकड्यावर सिमेंटचा पातळ लेप, मधल्या जागा पोकळ. हेतू काटकसरीचा, पाणी मुरवण्याचे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते! दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत उद्ध्वस्त शहरांच्या विटा फोडून खडी केली गेली. पोकळ काँक्रीट मात्र भिंतींतच राहिले. १९७०च्या दशकात अमेरिकेत, फ्लोरिडात, ते पावसाचे पाणी जिरवण्यासाठी जमिनीवर आले.

भारतीय मानक ३८३ने २०१६ मध्ये जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतली. विटामिश्रित खडीला मात्र कमी ताकदीच्या कामातच जागा दिली. ते योग्यच, कारण वीट पाणी पिते आणि लवकर झिजते. शाळेच्या पायवाटेला ती चालेल, उसाच्या ट्रॅक्टरखाली नाही.

शिरोळची खरी अडचण जमिनीत आहे. काळी माती पाणी सावकाश मुरू देते, भिजली की फुगते. म्हणून फरसबंदीखाली खडीचा थर आणि भोकांची नळी हवी. महापूर त्याने अडत नाही; अंगणातले पावसाचे पाणी तेवढे वाट काढते. अशा नळ्या इथल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. क्षारपड झालेल्या उसाच्या रानांखाली त्यांनी त्या पुरल्या आहेत.