पेट्रोलचा वटाव



गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. रविवारी चर्चहून परतलो, तो माझा एक जुना विद्यार्थी ओसरीवर वाट पाहत बसलेला. मुलगा रामाकोन्याचाच, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात नोकरीला आहे आणि रोज मोटारसायकलने जा-ये करतो. पूर्वी आमच्या बाजूची माणसे लहान रुळांच्या गाडीने प्रवास करीत. ती गाडी रुंद रुळांच्या कामासाठी २०१५ साली थांबली, आणि नवी सुरू होईपर्यंत माणसांना मोटारसायकलीची सवय लागून गेली. मुलाच्या हातात एका बँकेचे पत्रक होते. क्रेडिट कार्डावर पेट्रोल भरल्यास शंभरामागे चार रुपये परत, असे त्यावर ठळक अक्षरांत छापलेले. तो म्हणाला, "सर, महिन्याला दोन हजारांचे पेट्रोल लागते. बहिणीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटायचे आहे. ऐंशी रुपये तर ऐंशी. घेऊ का हे कार्ड?"

इतिहासाच्या शिक्षकाला असा सरळ प्रश्न विचारू नये. मी त्याला चहा दिला आणि प्रतिप्रश्न केला, "हे चार रुपये देतो कोण?" तो म्हणाला, "बँक." उत्तर चूक नव्हते, पण पुरेही नव्हते. खनिज तेल आणि सूट यांचा संबंध मोटारगाडीपेक्षाही जुना आहे, आणि त्या संबंधाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच जुन्या प्रांतात लिहिला गेला आहे. त्या दिवशी त्या मुलाला जे सांगितले, तेच आज जरा नीट जुळवून आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकेत क्लीव्हलँड शहरी जॉन रॉकफेलर यांनी तेलाचा धंदा उभारला, तो दिव्याच्या तेलाचा. त्यांचा माल मोठा. म्हणून रेल्वे कंपन्या त्यांना छापील भाड्यातून गुपचूप काही रक्कम परत करीत. इथवर ठीक आहे. घाऊक गिऱ्हाइकाला आपला किराणा दुकानदारही वटाव देतोच. परंतु १८७२ साली जी योजना आखली गेली, तिच्यात याहून विलक्षण कलम होते. प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या मालासाठी जे भाडे भरायचे, त्यातलाही काही भाग रेल्वेने रॉकफेलर यांच्या गटाला द्यावयाचा! म्हणजे सूट एकाला, आणि ती भरून काढायची त्याच्या शेजाऱ्याने. पेनसिल्व्हेनियातील तेल काढणाऱ्यांनी मोठा गदारोळ केला, तेव्हा ती विशिष्ट योजना बारगळली. वृत्ती मात्र राहिली. त्याच तेलाच्या मुलखात वाढलेल्या आयडा टार्बेल या बाईंनी पुढे कागदपत्रे धुंडाळून स्टँडर्ड ऑइलचा इतिहास १९०४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. रेल्वेच्या अशा गुप्त सुटींवर अमेरिकेत १९०३ च्या कायद्याने बंदी आली, आणि १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे केले. त्याच घराण्यातील एस्सो कंपनीचे पंप आपल्याकडे वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिले आहेत. १९७४ साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिचेच हिंदुस्तान पेट्रोलियम झाले.

आता घराकडे येऊ. १९३८ साली रामाकोना, सौंसर, छिंदवाडा आणि नागपूर ही सारी एकाच प्रांतात होती : मध्य प्रांत व वऱ्हाड, राजधानी नागपूर. त्या प्रांताच्या विधिमंडळाने १९३८ चा चौदावा कायदा केला. मोटारीचे इंधन आणि वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर, किमतीच्या पाच टक्के कर. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्या वेळी दिल्लीच्या सरकारला ती क्षुल्लक वाटली नाही. त्याचे म्हणणे असे की, हा विक्रीकर नव्हेच, ही तर अबकारी. आणि देशात निर्माण होणाऱ्या मालावर अबकारी बसविण्याचा अधिकार मध्यवर्ती सत्तेचा. प्रांताचे म्हणणे, माल तयार होऊन दुकानात आला, गिऱ्हाइकाने तो विकत घेतला, त्या घेण्यावर आमचा कर आहे. आणि वस्तूंच्या विक्रीवरील कर १९३५ च्या कायद्याने प्रांतांना दिलेला आहे.

वाद नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेला. गव्हर्नर-जनरलांनी त्या न्यायालयाचे मत मागविले, असा हा पहिलाच प्रसंग. पीठावर तिघे : सर न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह मुहम्मद सुलेमान, आणि आपले मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९३८ च्या अखेरीस तिघांनीही प्रांताच्या बाजूने कौल दिला. आपल्या शाळांतून राज्यघटनेचा इतिहास शिकविताना या खटल्याचा उल्लेख क्वचितच होतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. केंद्राने काय घ्यावे आणि प्रांताने काय घ्यावे, ही रेषा प्रथम आखली गेली ती नागपूरच्या राज्यातील पेट्रोलच्या एका गॅलनावर!

ती रेषा अजून पुसलेली नाही. १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांचे बहुतेक विक्रीकर त्यात विरून गेले. पेट्रोल, डिझेल आणि मद्य अशा मोजक्या वस्तू मात्र घटनेच्या १०१ व्या दुरुस्तीने राज्यांच्या विक्रीकरासाठी राखून ठेवल्या. त्यामुळे आजही पेट्रोलवर केंद्राची अबकारी वेगळी आणि राज्याचा कर वेगळा. १९३८ मध्ये भांडणारे दोघेही आज एकाच नळीला हात लावून उभे आहेत.

रामाकोन्याच्या माणसाला याची झळ कशी लागते, ते पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. बोली तीच, सोयरिकी त्याच, संत्र्याची बाजारपेठही नागपूरचीच. मध्ये मात्र हद्द आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा स्वतंत्र झाला, तरी हद्द आहे तेथेच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवरील अबकारी लिटरमागे ५ रुपयांनी उतरविली. त्यापाठोपाठ मध्य प्रदेशाने आपला मूल्यवर्धित कर ३३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आणला. महाराष्ट्राने त्या वेळी हात आखडला. मग जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोल ५ रुपयांनी आणि डिझेल ३ रुपयांनी स्वस्त केले. एका मंत्रिमंडळाच्या बैठकीत सावनेरकडच्या पंपावरील भाव शंभरामागे पाच रुपयांच्या आसपास खाली आला. तेवढी सूट द्यायला कार्डवाल्यांना किती अटी घालाव्या लागतात! पण हद्दीपलीकडे जाऊन टाकी भरावी, हा सल्ला मी त्या मुलाला दिला नाही. दहा किलोमीटर जाऊन दहा किलोमीटर परत यायचे, म्हणजे जवळपास अर्धा लिटर जळले. पाचशे रुपयांच्या पेट्रोलवर पंचवीस रुपये वाचवायला पन्नासांच्या आसपास खर्च.

आता कार्डाकडे वळू. तेल कंपन्यांनी आपल्या भरवशाच्या गिऱ्हाइकांना उधारीची कार्डे देण्याची चाल अमेरिकेत १९२० च्या दशकातच पडली. महिनाभर तेल भरा, महिन्याच्या शेवटी बिल फेडा. आमच्याकडे संत्र्याच्या हंगामात ट्रकमालकांचे खाते पंपावर असते, तोच प्रकार. फक्त वहीऐवजी कार्ड. पुढे तेथे पंपांवर तिकिटे वाटण्याची टूम निघाली. पेट्रोल घ्या, तिकिटे घ्या, चिकटवहीत चिकटवा, वही भरली की इस्त्री किंवा दिवा घेऊन जा. गृहिणींनी वह्या भरल्या, आणि दुकानदारांनी तिकिटांचा खर्च मालाच्या किमतीत भरला. १९८२ साली आर्को या कंपनीने मात्र उलटी चाल केली. आपल्या पंपांवर क्रेडिट कार्ड घेणेच बंद केले, उधारीचा खर्च वाचविला आणि भाव उतरविला. सूट नाही, तिकीट नाही. पाटीवरचा भावच कमी. मला स्वतःला हा माणूस हिशेबाला चोख वाटतो.

आपल्या देशात डायनर्स क्लबचे कार्ड १९६१ साली आले, सेंट्रल बँकेचे १९८० साली. परंतु पेट्रोलवर सूट मिळण्याचा प्रश्नच पुष्कळ काळ नव्हता, कारण भाव सरकार ठरवी. भारत पेट्रोलियमने १९९९ साली पेट्रोकार्ड काढले आणि खरेदीवर गुण देण्यास आरंभ केला. पुढे इंडियन ऑइलने सिटी बँकेबरोबर, हिंदुस्तान पेट्रोलियमने आयसीआयसीआय बँकेबरोबर कार्डे काढली. सरकारी नियंत्रण २०१० साली पेट्रोलवरून आणि २०१४ साली डिझेलवरून उठले. तरीही तिन्ही सरकारी कंपन्यांचे भाव जवळजवळ सारखेच राहिले. पाटीवर स्पर्धा नसली की ती मागील दाराने, गुणांच्या आणि परताव्याच्या रूपाने आत येते. त्या गुणांचेही भवितव्य मालकाच्या हाती. सिटी बँकेने भारतातील आपला किरकोळ व्यवहार १ मार्च २०२३ रोजी ॲक्सिस बँकेकडे सोपविला, तेव्हा कार्डधारकांनाही तिच्याबरोबर जावे लागले.

मात्र सूट कोणाच्या खिशातून येते, हे उघड झाले ते नोटाबंदीनंतर. ८ डिसेंबर २०१६ रोजी अर्थमंत्री अरुण जेटली यांनी घोषणा केली की, सरकारी कंपन्यांच्या पंपांवर रोख न देता पैसे भरणाऱ्यास पाऊण टक्का सूट मिळेल. म्हणजे लिटरमागे साधारण अर्धा रुपया. देशात रोज साडेचार कोटी माणसे सुमारे १,८०० कोटी रुपयांचे पेट्रोल-डिझेल घेतात, असे त्यांनी सांगितले होते. सूट लागू झाली. ३० डिसेंबरला बँकांच्या शुल्कमाफीची मुदत संपली, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बँकांनी पंपचालकांना कळविले की, कार्डाच्या व्यवहारावर आता एक टक्क्यापर्यंत शुल्क कापले जाईल. पंपचालकांचे कमिशन ठरलेले. त्यातून हा टक्का द्यायचा कोठून? ९ जानेवारीपासून कार्ड घेणार नाही, असे त्यांनी जाहीर करताच एका रात्रीत धावपळ झाली. निर्णय लांबणीवर पडला. शेवटी हा बोजा गिऱ्हाइकावरही नको आणि पंपचालकावरही नको, बँका आणि तेल कंपन्या आपसांत पाहून घेतील, असे ठरले. तेल कंपन्यांनी किती काळ पाहून घेतले? क्रेडिट कार्डावरील ती पाऊण टक्का सूट १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. गिऱ्हाइकांना बँकांकडून एक लहानसा संदेश आला, एवढेच.

हे सारे ऐकून मुलगा म्हणाला, "सर, इतिहास कळला. माझे ऐंशी रुपये?" रास्त बोलला. मग आम्ही पत्रक उलटे करून त्याच्या पाठीवरच मांडणी केली.

महिन्याला दोन हजार, वर्षाला चोवीस हजार. चार टक्क्यांनी ९६० रुपये परत. कार्डाची वार्षिक फी ५०० रुपये, तीवर १८ टक्के कर, मिळून ५९०. उरले ३७०. पेट्रोल कार्डावर भरले की एक टक्का अधिभार लागतो. तो बँक माफ करते, पण पुष्कळ कार्डांवर एका वेळी निदान चारशे रुपयांचे पेट्रोल घेतले तरच. शंभर-दोनशेचे भरणाऱ्याला ती माफी नाही, आणि आमच्याकडे महिनाअखेर तसेच भरणारे अधिक. शिवाय अधिभार माफ झाला, तरी त्यावरील कर माफ होत नाही. पाचशेमागे पाच रुपये अधिभार, त्यावर नव्वद पैसे कर. मौज अशी की, पेट्रोल वस्तू व सेवा करात नाही, पण पेट्रोलवरचा अधिभार आहे! वर्षात अठ्ठेचाळीस वेळा नव्वद पैसे, म्हणजे ४३ रुपये २० पैसे. उरले ३२६ रुपये ८० पैसे. महिन्याला सत्तावीस रुपये. तेही ठरावीक कंपनीच्याच पंपावर भरले तर.

आणि एका महिन्यात बिल वेळेवर फेडता आले नाही तर? उशिराचा दंड वेगळा, आणि थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला बेचाळीस. माझे स्वतःचे सांगतो. एका बँकेचे कार्ड मी काही वर्षे बाळगले. वर्षात अमुक इतका खर्च केल्यास फी माफ, असे घेताना सांगितले होते. त्या खर्चात पेट्रोलचा खर्च धरत नाहीत, हे फी कापली गेल्यावर कळले. छापील कागदावर ते होते. बारीक अक्षरांत होते, पण होते. विद्यार्थ्यांना उतारा नीट वाचा म्हणून आयुष्यभर बजावणाऱ्या माणसाने आणखी काय बोलावे?

ज्याचे मासिक पेट्रोल आठ-दहा हजारांचे आहे, ज्याला चांगला पगार आहे आणि जो बिल एक दिवसही थकवीत नाही, त्याला हे कार्ड खरोखर फायद्याचे आहे, हेही मी त्या मुलाला सांगितले. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो फायदा काही अंशी फी भरून कार्ड न वापरणाऱ्यांच्या, काही अंशी व्याज भरणाऱ्यांच्या, आणि काही अंशी रोख पैसे देणाऱ्यांच्या खिशातून येतो. कारण कार्डाचा खर्च कोणी ना कोणी भावात किंवा कमिशनात धरलेला असतोच, आणि पाटीवरचा भाव सर्वांना एकच. पंपावर दोनशेची नोट देणारा शेतमजूर त्या सुटीत आपला वाटा भरतो. त्याला ते ठाऊक नसते, इतकेच. १८७२ मध्ये शेजाऱ्याच्या भाड्यातून वाटा घेणाऱ्यांना निदान तो कोणाचा आहे हे माहीत होते.

मुलाने पत्रक घडी करून खिशात ठेवले. कार्ड त्याने घेतले नाही. त्याच्याच पाळीला जाणारा गावातील दुसरा एक मुलगा त्याने गाठला. आता एक आठवडा याची मोटारसायकल, एक आठवडा त्याची. दोघांचाही पेट्रोलचा खर्च निम्म्यावर आला आहे, म्हणजे महिन्याला हजार रुपये वाचतात, आणि ते लग्नाच्या कर्जात जातात. पुढच्या महिन्यात एकाची पाळी बदलण्याची शक्यता आहे. तेव्हा काय करायचे, ते दोघांनी अजून ठरविलेले नाही.