चिंचपोकळी ते काळाचौकी : मुरणाऱ्या पाण्याचा हिशेब

काळाचौकीलगतच्या चिंचपोकळी या नावात एक वृक्ष व एक खोलगट भूमी यांची नोंद दिसते. (चिंच मूळची आफ्रिकेतील, हा भाग निराळा.) अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मीजवळ हॉर्नबी वेलार्ड हा बांध झाल्यावर बेटांमधील सखल जमीन भरतीपासून सुटली, पुढे गिरण्या व चाळींनी ती व्यापली. तथापि ब्रिटिश काळातील पर्जन्यजलवाहिन्या आखताना ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरला गेला, आणि त्यातील निम्मा जमिनीत मुरेल असेही मानले गेले. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने पावसाचे मान ५० मिलिमीटर केले व मुरणारा अंश शून्य धरला. यांपैकी दुसरा बदलच अधिक बोलका होय. शहराच्या हिशेबातून माती वजा झाल्याची ती अधिकृत नोंद आहे. पुढील उपायही याच गृहीतावर उभे राहिले. रे रोडचे ब्रिटानिया उदंचन केंद्र पाणी समुद्रात लोटते. हिंदमाता परिसरासाठी बांधलेल्या भूमिगत टाक्या ते तात्पुरते साठवितात. वाळा, लव्हाळा अशा देशी वनस्पतींचे उथळ, खोलगट वाफे, म्हणजेच वर्षाउद्याने, पाणी जागीच मुरवू पाहतात. भरतीच्या वेळी कोसळणाऱ्या मुसळधार सरीपुढे ती अपुरीच पडतील. परंतु अभ्युदयनगरसारख्या वसाहतींच्या पुनर्विकासात किती भूमी उघडी ठेवावयाची, हा प्रश्न त्या हरवलेल्या निम्म्या अंशाचाच आहे.