'मारणे' आणि 'मारु'

बेळगाव-निपाणीच्या बाजारपेठेत कन्नड भाषक 'मारु' म्हणतो, तेव्हा तो विक्रीविषयी बोलत असतो. नवख्या मराठी कानाला मात्र त्यात 'मारणे' ऐकू येते. ध्वनी एक, अर्थ दोन. या दोन क्रियापदांत रक्ताचे नाते नाही. 'मारणे' हे संस्कृत 'मृ' धातूच्या प्रयोजक रूपातून आले, तर 'मारु' द्राविडी कुळातले आहे. तमिळमधील त्याच्या सगोत्र शब्दाचा अर्थ बदलणे, पालटणे असा होतो. जुन्या कन्नडात या शब्दातील 'र' निराळ्या अक्षराने लिहिला जाई; ते अक्षर लोपले आणि साम्य अधिकच फसवे झाले.

मराठी शिकणाऱ्या कन्नड भाषकाची वाटही सोपी नाही. आपण हाक मारतो, फेरी मारतो, गप्पा मारतो, बाजी मारतो. यांपैकी कशातही कोणाला इजा होत नाही. शब्दकोशातील पहिल्याच अर्थावर विसंबणारा येथे हमखास चकतो.

याउलट 'लावणे' आणि कन्नड 'हच्चु' पाहा. ध्वनीत काही साम्य नाही. परंतु दिवा लावणे, रंग लावणे, रोप लावणे या सर्वांसाठी उत्तर कर्नाटकात 'हच्चु' चालते. अलीकडे फोनही 'हच्चु'नेच लावतात. दारासाठी मात्र 'हाकु' येते आणि मराठी माणसाला गुरे हाकल्याचा भास होतो.

शेजारी भाषांच्या अभ्यासाला यातून एक दिशा सापडते, असे आम्हांस वाटते. ध्वनीचे साम्य योगायोगाचे असू शकते. अर्थांच्या विस्तारातील असे साम्य मात्र बहुधा सहवासाची साक्ष देते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या तत्कालीन खेड्याचा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेथील मराठी, कन्नड व उर्दू बोलींची वाक्यरचना जवळजवळ एकच झाल्याचे आणि शब्द तेवढे वेगळे राहिल्याचे त्यांना आढळले. रचना ओळखीची असली की शब्दांवरही आपण नकळत विश्वास टाकतो. फसगत होते ती तेथेच.

आमच्या घराण्यांसाठी हा केवळ विद्वानांचा विषय नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे सरकारी कागद कन्नडात येऊ लागले. त्यातील संस्कृत शब्द पाहून मराठी वाचक निर्धास्त होतो. पण कन्नड 'अनुमान' बहुधा संशय सुचवतो, तर मराठी 'अनुमान' म्हणजे तर्क. कन्नड 'अवसर' म्हणजे घाई. आपल्याकडे तो वेळ किंवा संधी. एखाद्यावर संशय आहे असे लिहिलेले असताना केवळ तर्क केला आहे असे वाचणे महागात पडू शकते.

सीमेचा वाद ज्याच्या त्याच्या ठिकाणी. आपल्या नातवंडांनी मराठी जपावी आणि कन्नडही नीट शिकावी, असे आम्हांस वाटते. ओळखीचा दिसणारा शब्द तर दोनदा विचारून घ्यावा.