बोकडाचा कोठा (लोहारा, जि. यवतमाळ)

पैदाशीसाठी राखलेल्या बोकडाचा, शेळ्यांपासून वेगळा निवारा. यवतमाळ शहरालगतचे लोहारा बाहेरच्यांना औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक असते. भोवतालचा पट्टा मात्र कापूस, तूर, सोयाबीनचा. राज्यातील शेळीगट योजनांत दहा शेळ्यांमागे एक बोकड मिळतो. एकच असल्याने त्याच्या वाट्याला बहुधा कोठ्याचा उरलेला कोपरा येतो. हे चूक आहे : कळपातल्या प्रत्येक पिलाचा अर्धा वारसा त्याचा असतो.

वेगळा कोठा लागतो तो पैदाशीवर ताबा राहावा म्हणून. बोकड मोकळा असला की शेळी कधी फळली हे कळत नाही. डिसेंबरात फळलेली शेळी सुमारे 150 दिवसांनी, ऐन मे महिन्यात विते. तेव्हा ना हिरवा चारा असतो, ना सावली. नर करडेही 4–6 महिन्यांत वयात येतात. ती त्याआधीच आई-बहिणींपासून तोडावी लागतात.

एकट्या बोकडाला सुमारे 3.4 चौ. मी. छताखालची जागा आणि तिच्या दुपटीहून कमी नाही एवढे अंगण हवे. पऱ्हाटीचा कूड सावलीपुरता ठीक. शिंगांच्या धडकांपुढे तो टिकत नाही, म्हणून आतून मजबूत बल्ल्या लावाव्यात. टिनावर तुराट्यांचा थर हवाच. शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, त्यामुळे मे महिन्यात सोसलेल्या उन्हाचा फटका जून-जुलैत शेळ्या न फळण्यातून दिसतो.

बोकडाचा उग्र दर्प शिंगांमागच्या ग्रंथींचा. मस्तीत तो दाढीवर आणि पुढच्या पायांवर मूत्रही उडवतो. दूध काढण्याची जागा त्यापासून लांब ठेवावी. मात्र याच वासाने शेळ्या माजावर येतात. 2014 साली जपानी संशोधकांनी बोकडाच्या केसांतून उडणारा असा एक घटक ओळखला. शिवाय बोकड कळपात राहणारा जीव आहे. त्याला कोंडून एकटे पाडू नये. सोबत खच्ची बोकड ठेवावा किंवा जाळीपलीकडे शेळ्या दिसू द्याव्यात.

गव्हाणीत कुटार आणि पाला असावा. धान्याचा मारा केल्यास मुतखडा होऊन लघवी अडते, बोकड दगावतो; स्वच्छ पाणी दिवसभर पुढ्यात हवे.

दोन वर्षांनी बोकड बदलावा, नाहीतर तो आपल्याच लेकींना लागतो. विदर्भाच्या बेरारी जातीचा निवडक नर इथल्या उन्हाला सरावलेला असतो. नवा आणलेला बोकड दोन-तीन आठवडे कळपापासून दूर बांधावा, पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी झाल्यावरच या कोठ्यात घ्यावा.